शेजारची सीट

नवऱ्याने घेतलेल्या सेकंडहँड गाडीबद्दल कंपनीचं पत्र आलं. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग सदोष आहे, अचानक फुटू शकते. गाडी आणा, फुकट बदलून देऊ.

“उगाच बाऊ करतात. बघू सवडीने,” म्हणत त्याने पत्र फ्रिजवर टाकलं. गाडी तोच चालवायचा. शेजारी ती, जीव मुठीत धरून. आठ महिने झाले तरी महाशयांना सवड होईना.

शेवटी तिने वाद सोडला आणि गुपचूप ड्रायव्हिंगचा क्लास लावला. लायसन्स हातात पडताच तिने चावी उचलली. “आजपासून मी चालवणार. तुम्ही बसा शेजारी.”

तासाभरात गाडी वर्कशॉपमध्ये होती. मागच्या सीटवरून उतरत तो मेकॅनिकवर खेकसला, “आधी ती एअरबॅग बदला! माणसाच्या जिवाची काही किंमत आहे की नाही तुम्हाला?”