एकच बॅग

अनिलने आपल्या गाडीच्या बॉनेटवर बॅग उघडली आणि दोघे भाऊ आईबाबांचे कपडे वेगळे करू लागले. साड्या अनिलकडे, धोतरं विक्रमकडे.

हे असं रस्त्यात व्हायचं नव्हतं. विक्रम आईबाबांना, सरलाबाई आणि जगन्नाथरावांना, घेऊन आपल्या घरून, शॉमबर्गहून, मेम्फिसला, धाकट्या अनिलकडे निघाला होता. तिथे दोन दिवस सगळ्यांनी एकत्र राहायचं, मग सरलाबाईंनी अनिलच्या बाळासाठी तिथे थांबायचं आणि जगन्नाथरावांनी विक्रमच्या मुलांसाठी परत यायचं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं दोघा भावांनी. वाटेत रेडिएटर फुटला आणि गाडी ओढून मिसिसिपीच्या काठावरच्या या गावात आणावी लागली. फोनवर अनिल म्हणाला, आता तू पुढे येऊच नकोस, मीच तिथे येऊन आईला नेतो.

तो येईपर्यंत म्हाताऱ्यांनी गाव पाहून घेतलं. अमेरिका स्वतंत्र व्हायच्याही आधी फ्रेंचांनी वसवलेलं गाव. उभे ओंडके रोवून केलेल्या भिंती, त्यांवर चुना, रस्त्यालगत ओसऱ्या. अमेरिकेत आल्यापासून दोघं अशी पायी हिंडलीच नव्हती. एका ओसरीवरच्या गोऱ्या म्हातारीने हात हलवला. सरलाबाईंनीही हलवला.

बॅगेत टॉवेल एकच निघाला. कंगवा एक, तेलाची बाटली एक, अमृतांजन एक. अनिलने घाई केली. त्याच्या बायकोची, दीपाची, रजा सोमवारी संपत होती. विक्रम म्हणाला, तेलबिल तुझ्याकडे राहू दे, मी नवीन घेतो. मग त्याच्या हाताला चष्म्याचं घर लागलं. पेपर वाचायला आईबाबा तो एकच चष्मा आळीपाळीने लावत.

"याचं काय करायचं, यार?" विक्रम हसला. "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे?"

अनिलही हसला.

सरलाबाईंनी विक्रमच्या हातातून चष्मा काढून घेतला. "वाटणी आईबाप गेल्यावर करतात," त्या म्हणाल्या. "आम्ही अजून आहोत."

अनिल समजूत घालू लागला. सहा महिन्यांचा तर प्रश्न, रोज फोन करून देईन, बाळाला आजी नको का. सरलाबाई ऐकत ऐकत साड्या परत बॅगेत भरत होत्या. विक्रमच्या हातातली धोतरंही त्यांनी ओढून घेतली आणि साड्यांवर ठेवली.

"येऊ तर दोघं येऊ. कुणाकडे, ते तुम्ही ठरवा."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. विक्रम इंग्रजीत काहीतरी बोलला. अनिलने इंग्रजीतच उत्तर दिलं. मग दोघांचे आवाज चढले. म्हाताऱ्यांना त्यातली फक्त नावं कळत होती. दीपाचं, मग विक्रमच्या सीमाचं, मग परत दीपाचं. दोघांना मी घेऊन जातो, असं कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

जगन्नाथरावांनी बॅगेची चेन ओढली, बॅग उचलली.

"चल," ते म्हणाले.

रस्ता उतरत उतरत नदीवर गेला. खाली पलीकडे जायची फेरीबोट उभी होती. तिच्यावर एक ट्रक चढत होता. त्याच्यामागून ही दोघं चढली.

मुलं धावत काठावर आली तेव्हा बोट सुटली होती. अनिल ओरडून विचारत होता, आई, कुठे चाललात, तिकडे आपलं कोण आहे? विक्रम दोन्ही हातांनी परत फिरायच्या खुणा करत होता. सरलाबाईंनी कठड्याला धरून पदर खोचला आणि तोंड पलीकडच्या काठाकडे केलं.

बोटीवरचा माणूस जवळ आला. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. जगन्नाथरावांना ते कळलं नाही.

त्यांनी दोन बोटं वर केली.