सदतीस मीटर चाळीस

तलावाच्या खोलीवर सरांनी तरुणपणी लिहिलेल्या शोधनिबंधाचा संदर्भ एक्केचाळिसाव्या संशोधकाने दिला, तेव्हा सरांच्या संशोधन केंद्रात टाळ्या वाजल्या. सरांना मात्र कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं. खोलीचं दार लावून त्यांनी एक्केचाळीसही निबंध एकेक करून वाचून काढले. निबंधांप्रमाणे प्रत्येकजण स्वतःची होडी घेऊन गेला होता, प्रत्येकाने स्वतःचं यंत्र पाण्यात सोडलं होतं, आणि प्रत्येकाला खोली मिळाली होती तीच: सदतीस मीटर, वर चाळीस सेंटिमीटर.

"लबाड आहेत सगळे! एकही जण तलावावर फिरकलेला नाही," ते मुलीवर डाफरले. तीही याच केंद्रात पाण्याचे नमुने तपासायची.

"बाबा, तुम्ही म्हणजे दुधातही खडे शोधाल," ती हसली. "तळ काय रोज हलतो? जो मोजेल त्याला तोच आकडा मिळणार ना! उलट तुमचं मोजमाप किती चोख होतं, हेच यातून दिसतं."

"मी सांगतो ना, एकानेही मोजलेलं नाही!"

"मग लिहा की मासिकाला पत्र, पाडा एकेकाला उघडं. पण तुम्हाला हे इतकं खात्रीने कसं कळलं, तेवढं मात्र त्यात लिहावं लागेल हं."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, आणि थोड्या वेळाने परत लावून टाकलं.


तरुणपणी ते तलाव मोजायला गेले, त्या दिवशी होडी सुरूच झाली नव्हती, आणि तो आकडा त्यांनी काठावर, पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या मनानेच लिहिला होता.