ओली वाळू

बॉबी सकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी कोपरा उकरत होता. एरवी हा सरडा फांदी सोडून खाली उतरत नसे. कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे समोरून गेले, तरी त्याने ढुंकून पाहिलं नाही. पोपटी अंग काळपट पडून त्यावर पिवळे ठिपके उठले होते.

"हा काही जगत नाही," ऑस्टिन म्हणाला.

त्याची बायको लिझी नुकतीच रात्रीच्या ड्युटीवरून आली होती. ती लेबर रूममधली नर्स. सरड्याची तिला शिसारी यायची. लेकीच्या, ॲश्लिनच्या हट्टापायी तो आखातातल्या, अल अझीझियाच्या या फ्लॅटमध्ये आला होता. खांद्यावरची पर्स तशीच ठेवून ती पिंजऱ्यापुढे वाकली. ते येरझारा घालणं, मध्येच थांबणं, पोट टेकून पुन्हा उठणं तिच्या रोजच्या ओळखीचं होतं.

"हा बॉबी नाही. ही बाई आहे," ती म्हणाली. "दिवस भरलेत तिचे."

"एकटीच तर आहे."

"कोंबडी नाही घालत अंडी, कोंबड्याशिवाय?"

जनावरांच्या डॉक्टरनेही फोनवर तेच सांगितलं. खणायला हातभर खोल ओली वाळू द्या. नाही मिळाली तर अंडी पोटात अडकून ती मरेल. आणि कुणी बघतंय असं वाटलं, तर ती खणणं सोडून देईल.

वाळवंटाच्या देशात राहून घरात मूठभर वाळू नव्हती. ऑस्टिन नर्सरीतून पोतं घेऊन आला. लिझीने मूठ वळून पाहत वाळू भिजवली, बादलीत दाबून भरली, पिंजऱ्यात ठेवली आणि बाहेरून चादर टाकली.

फटीतून तिघं आळीपाळीने बघत राहिली. बारक्या पायांनी वाळू मागे ढकलत ती शेपटीसकट आत गेली. बऱ्याच वेळाने तोंड वर करून बिळाच्या तोंडाशी बसली. पोट आवळत होतं, सैल होत होतं. ऑस्टिनने टीव्ही कधी बंद केला, कुणालाच कळलं नाही. लिझीला झोप आठवली नाही.

संध्याकाळी सरडी बाहेर आली. पोट खपाटीला गेलं होतं, पाय लटपटत होते. तरी ती वळली आणि बीळ बुजवू लागली. वाळू लोटायची, पायांनी चेपायची, पुन्हा लोटायची.

"मम्मा, विल देअर बी बेबीज?" ॲश्लिनने हळूच विचारलं.

"नाही गं. रिकामी अंडी ती."

"डझ शी नो?"

सरडी फांदीवर चढल्यावर लिझीने चादर अलगद सारली आणि पानांवर पाणी फवारलं. थेंब ओघळले. सरडी जीभ लावून एकेक टिपू लागली. तिचा एक डोळा थेंबावर होता. दुसरा खाली वळून, चेपून सपाट केलेल्या वाळूवर.