दरवाजावरचा पोचा

बशीरचाचांच्या गॅरेजमध्ये एक रीत होती. पोच्यावर हातोडी पडण्याआधी घरच्यांनी तो चाचांच्या ऐकायच्या यंत्रातून ऐकायचा. गाडी आदळते तेव्हाचे आवाज पत्र्यात साठतात आणि पत्रा सरळ केला की कायमचे पुसले जातात.

आठ सिलिंडरची ती जुनी अमेरिकन गाडी चेपून पडली होती. मृणालिनीचा भाऊ हिच्यातच गेला.

“दुरुस्तीत काही अर्थ आहे का, चाचा?”

“हिच्यात जीव आहे, ताई. पण आईंना येऊ द्या, मग दरवाजा ऐकू.”

“आई रिक्षातून उतरतेय. मला आधी ऐकू द्या.” तिने घाईघाईने यंत्राची चकती पोच्यावर टेकवली.

पत्र्यात, भावाच्या फोनवरून, तिचाच आवाज ओरडत होता, “अजून किती वेळ? पळव की ती गाडी!” मग भाऊ हसला. “आलोच, ताई.”

वर्षभर ती सगळ्यांना सांगत आली होती, त्यालाच वेगाचं वेड होतं.

तिने चाचांच्या हातातली हातोडी ओढली आणि पोच्यावर घातली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, पत्रा सरळ होईपर्यंत.

काठी टेकत आई आत आली. तिने पदराने कान पुसले.

“लावा यंत्र,” ती म्हणाली. “वर्ष झालं त्याचा आवाज ऐकून.”