गप्पांचा परवाना

केस आता यंत्राचे हात कापत, निर्जंतुक आणि मुकाट्याने. त्यामुळे गिऱ्हाइकं येईनाशी झाली, म्हणून प्रत्येक सलूनमध्ये गप्पा मारायला एक परवानाधारक माणूस सक्तीचा झाला. बार्शीच्या मुरलीधर बिडव्यांच्या परवान्याचं आज नूतनीकरण होतं. नापास झाले, तर उद्यापासून घरी.

दोन परीक्षक शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसले.

"बायपास झालाच पाहिजे," पहिले म्हणाले.

"झाला की बाजारपेठ मेली," दुसरे म्हणाले. "काय हो बिडवे?"

खुर्चीतल्या माणसाच्या होला हो म्हणायचं, हा धंद्याचा जुना नियम. बिडव्यांनी पहिल्यांचं तोंड कानांसकट वाफेच्या टॉवेलात गुंडाळलं आणि दुसऱ्यांना म्हणाले, "मेलीच म्हणा, साहेब." मग नवा टॉवेल काढून दुसऱ्यांना गुंडाळलं आणि पहिल्यांना मोकळं केलं. "बायपासशिवाय गावाला गती नाही, साहेब."

दोघांनी खुशीत सह्या केल्या आणि गेले.

"बिडवे, तुमचं स्वतःचं मत काय?" इतका वेळ मुकं असलेल्या यंत्राने विचारलं.

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बिडवे खुर्चीत टेकले आणि मनातलं सगळं बोलले.

यंत्राने शांतपणे टॉवेल पुढे केला. "अगदी बरोबर बोललात, साहेब."

बिडवे ताडकन उठले.