मागच्या स्प्रिंगा

गाडी थांबली तरी ताई बाहेर आल्या नाहीत. भिंतीपलीकडे टाळ्या पडत होत्या. त्यांचा धाकटा भाऊ हातातलं घड्याळ उंच धरून दिसेल त्याला दाखवत सुटला होता. सकाळच्या फेरीपेक्षा नऊ दशांश सेकंद कमी. रेसिंगमध्ये एवढ्यासाठी लोक वर्षभर रक्त आटवतात. आणि ताई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होत्या.

मग त्यांनी दोन बोटं वर केली. आणखी दोन फेऱ्या मारायच्या आहेत, असा त्याचा अर्थ. इंजिनियरने कपाळाला हात लावला. जिंकलेला डाव कुणी पुन्हा मांडतं का?

या संघाच्या मालकांकडे पुढच्या वर्षी गाडी एकच असणार होती आणि ती मागायला दोघं आले होते. एक ताई. वय एक्केचाळीस, पाच वेळा अजिंक्य, पण गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर भिंतीला धडकून खांद्याचं हाड मोडून बसलेल्या. तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतलीय, अशी सगळीकडे कुजबुज होती. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण जुन्या संघाने त्यांना गोड बोलून वाटेला लावलं आणि बाकीच्यांनी फोन उचलणं बंद केलं. आता हे एवढंच दार उघडं होतं. दुसरा चोवीस वर्षांचा होता. वर्तमानपत्रांनी त्याला ‘तुफान’ म्हणायला सुरुवात केली होती आणि त्याने ते फारच मनावर घेतलं होतं. मालकांनी दोघांना आळीपाळीने एकाच गाडीत बसवलं. निकाल संध्याकाळपर्यंत लागणार होता.

सकाळी दोघांची वेळ जवळजवळ सारखी आली. त्यानंतर मिस्त्री अर्धा तास गाडीखाली होते. बाहेर येऊन हात पुसत त्यांनी जाहीर केलं, की मागच्या स्प्रिंगा बदलल्या; सातासमुद्रापलीकडून मागवलेल्या नव्याकोऱ्या घातल्या आहेत; आता गाडी कुठल्याच वळणावर रस्ता सोडणार नाही. मिस्त्रींची या कामात तीस वर्षं गेलेली. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस एवढा बोलतोय म्हणजे प्रकरण मोठंच असणार, असं सगळे धरून चालले.

तुफान आधी गेला. पाच दशांश कमी करून आला आणि मग दहा मिनिटं बोलत राहिला. मागची बाजू आता कशी लोण्यासारखी वळते, कुठल्या वळणावर किती फरक पडतो, जुन्या स्प्रिंगांवर आपण सकाळी कशी काय गाडी चालवली. इंजिनियरने लिहून लिहून दोन पानं भरली. मालक मान डोलावत ऐकत होते.

त्याच्यानंतर ताई गेल्या आणि त्यांनी नऊ दशांश कमी केले. मागून घेतलेल्या दोन फेऱ्यांतही वेळ तेवढीच आली. आता फक्त स्प्रिंगांबद्दल चार गोड शब्द बोलायचे होते. पट्टे सोडवायला वाकलेल्या भावाने हळूच कानात तेच सांगितलं.

“ताई, स्प्रिंगा छान आहेत, एवढंच म्हण. गाडी तुझीच आहे.”

ताईंनी हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मला काहीच फरक जाणवला नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच पुन्हा जाऊन आले. मला तर ही सकाळचीच गाडी वाटते.”

इंजिनियरने पेनाला टोपण लावलं. तुफान स्वतःच्या बुटांकडे बघून हसला. पाच वेळा अजिंक्य ठरलेल्या बाईला स्प्रिंगांतला फरक कळेना, म्हणजे खेळ आटोपलाच म्हणायचा. भावाला तर बहिणीचा राग आला. हातातोंडाशी आलेला घास तिने स्वतःच्या हाताने खाली टाकला होता.

मालकांनी शांतपणे विचारलं, की मग वेळ कमी कशी झाली.

इथे ताईंना सुटता आलं असतं. माहीत नाही, म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एकदा खांद्यावरून हात फिरवला.

“सकाळी शेवटच्या वळणावर मी घाबरले आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय लवकर उचलला. वर्षभर तेच करतेय. मिस्त्री म्हणाले, गाडी रस्ता सोडणार नाही. त्यांच्या शब्दावर पाय दाबून ठेवला. नाही सोडला तिने. पण सकाळीही सोडला नसता. गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, चूक माझी होती.”

लोक वर्षभर पाठीमागे जे कुजबुजत होते, ते या बाईने भर सभेत आपल्या तोंडाने कबूल केलं होतं, आणि तेही गाडी देणाऱ्या माणसासमोर. भावाने डोळे मिटून घेतले.

मालकांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री आतल्या खोलीत गेले आणि एक जड पेटी उचलून घेऊन आले. पेटीला चारी बाजूंनी पट्ट्या आवळलेल्या होत्या. वरचं सील शाबूत होतं. इंजिनियरने भरलेली दोन पानं टेबलावर पडली होती, त्यांच्यावरच त्यांनी ती ठेवली.

तुफानचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो पेटीकडे बघत राहिला आणि मग हळूहळू त्याचे कान लाल झाले.

“आजवर अकरा जणांना असंच बसवून विचारलं,” मालक ताईंना म्हणाले. “अकराही जणांनी स्प्रिंगांचं तोंड भरून कौतुक केलं.”

मिस्त्रींनी खिशातून कात्री काढली आणि पहिली पट्टी कापली.

“ताई,” ते म्हणाले, “आता खरंच बसवू का?”