रुंद टायर

"तो भियाता म्हणान हळू येता. तेची भीती काढू नको गो दिव्या," सासूबाई म्हणाल्या होत्या, पण दिव्याने ते हसण्यावारी नेलं. यतीनने हौसेने घेतलेली जुनी पिवळी स्पोर्ट्स कार पावसात वळणावर मागून घसरायची. तो गोव्यातल्या कामावरून शिरोड्याला घरी पोचेपर्यंत दिव्या लेकीला कडेवर घेऊन घरापुढच्या खळ्यात येरझारा घालायची. शेवटी तिनेच लकडा लावून त्याला मागचे टायर रुंद बसवून घ्यायला लावले.

"एवढे रुंद? गाडयेत म्हस बसवतलंस काय?" म्हणत सासूबाईंनी चाकापुढे नारळ ठेवला आणि यतीनसाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक सुखान घराक हाड." सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाली ती दिव्याच.

दुसऱ्या दिवशी चहाला आधण ठेवायच्या आतच यतीन दारात हजर! किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "काय टायर आसत गो! गाडी रस्त्याक चिकटान चलता. एका पण वळणार ब्रेकाक पाय लावक नाय!"

सासूबाई दिव्याकडे बघत म्हणाल्या, "गेली गो तेची भीती."

आज दुपारपासून पाऊस धरलाय. चहा दोनदा निवला, लेक "बाबा खंय?" विचारून विचारून झोपली, आणि यतीनचा फोन लागत नाही.



तुम्ही गोव्याकडून रेडीच्या रस्त्याने येत असाल, तर वळणावर जरा उतरून खाली बघाल का, पिवळी गाडी दिसते का?